उस्तादाचा शब्द

पंचाहत्तर साली सोलापूरच्या चांदमारीवर मी बंदूक सांभाळायला शिकवणारे उस्ताद तयार करत होतो. महिनाभर एकच घोकून घेतलं: कुणीही ‘रिकामी’ सांगो, बोल्ट उघडून आत गोळी आहे का ते करंगळीनं चाचपायचं. परीक्षेत मी नकली काडतूस भरून रायफल हातात द्यायचो, म्हणायचो, “रिकामी हाय.” पाच जणांनी न बघताच चाप ओढला. शेवटच्या गुरप्पाला मी आधी खिशातली पितळी पुंगळी दाखवली. “गेल्या साली मी भरलेली रायफल चुकून रिकामी म्हणून दिली. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या त्रिंबकनं माझा शब्द मानला, चाप ओढला. समोर त्याचा भाऊ हुता. ही त्या गोळीची पुंगळी.” गुरप्पाचे डोळे भरले. मी रायफल दिली. “रिकामी हाय.” त्यानं तिला नमस्कार केला आणि चाप ओढला. “तुमच्यासमोर तपासायचं म्हंजी तुमाला खोटं पाडल्यागत की, उस्ताद.” भावाचं डोकं मांडीवर घेऊन त्रिंबकही हेच म्हणाला होता.