वरच्या खोलीला हरकत

सुनावणी ठरल्या वेळी सुरू झाली. फक्त माणसं आली नाहीत.

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात टेबलाच्या एका बाजूला अर्जदाराची खुर्ची होती आणि दुसऱ्या बाजूला हरकतदाराची. अर्जदाराच्या खुर्चीत किल्लीवाले काका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर नकाशाची गुंडाळी. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. म्हणजे काम सोपं, असं काकांनी धरलं होतं.

काकांना घरावर एक खोली चढवायची होती. गेल्या खेपेला मुलगा बायको-पोरीला घेऊन आला, तेव्हा हॉटेलात उतरला. बाबा, तुमच्याकडे मावायचं कुठे, म्हणाला. ते काकांना पटलं होतं. खोली झाली की प्रश्न मिटला.

इंजिनिअर तरुण होता आणि मनाने वाईट नव्हता. त्याने समजावलं की कुणाची हरकत नाही हे चांगलंच आहे, पण ते शेजाऱ्यांनी इथे येऊन सांगावं लागतं. काका म्हणाले, डावीकडच्या घराला कुलूप आहे. उजवीकडच्या घरालाही कुलूप आहे. दोन्ही कुलपं त्यांनी स्वतः बसवलेली आहेत आणि चांगली आहेत. मागे नाला आहे. नाल्याची काही हरकत नसावी.

इंजिनिअरने कॉम्प्युटरवर बसलेल्या क्लार्कबाईंकडे पाहिलं. त्याचं जेवढं वय होतं तेवढी बाईंची नोकरी झाली होती. त्यांनी दुसरी वाट सांगितली. कुणाची तरी एक हरकत नोंदवायची, साहेबांनी ती फेटाळायची, की परवानगी छापून बाहेर येते. हरकतीची जागा मोकळी राहिली तर मशीन पुढे सरकत नाही.

"कुणीही चालेल," बाई म्हणाल्या. "भाऊ, मेहुणा, मित्र. प्रत्येकाकडे भांडायला एखादं माणूस असतंच की."

काका जरा वेळ आठवत बसले. मग उठून व्हरांड्यात गेले.

पाणीपट्टीच्या रांगेतल्या एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, उगाच कुणाच्या घराला नाट कशाला लावू. त्यांच्या मागचा माणूस लगेच तयार झाला, पण त्याची हरकत सगळ्या नगरपालिकेवरच होती आणि ती सांगून संपेना. तिसऱ्याला हरकत घ्यायची होती, पण स्वतःच्या शेजाऱ्यावर. काकांनी त्याला बांधकाम विभागाचं दार दाखवलं आणि त्याच दाराने आधी स्वतः आत आले.

"मीच घेतली तर?"

इंजिनिअरने नियम काढून वाचला. 'कोणतीही व्यक्ती' असं लिहिलं होतं. अर्जदार सोडून, असं घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याला हसू आलं. बसा तिकडे, म्हणाला.

काकांनी नकाशा आपल्या खुर्चीवर ठेवला आणि समोर जाऊन बसले. घसा साफ करून म्हणाले, उजेड अडतो. कुणाचा, असं इंजिनिअरने विचारलं. काकांना नाव सुचेना. मग म्हणाले, पाणी कमी पडेल. बाईंनी टायपिंग थांबवलं आणि एकटा माणूस असं कितीसं पाणी पिणार, काका, जरा टिकेल असं बोला, म्हणाल्या.

मग काका टिकेल असं बोलले.

"वर राहणार कोण?" समोरच्या गुंडाळीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "याच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. मुलासाठी बांधतोय, म्हणे. मुलगा गेल्या खेपेला हॉटेलात उतरला, जागा नाही म्हणून. त्याच्या आधीच्या खेपेला एकटाच आला होता. तेव्हाही हॉटेलातच उतरला."

बाईंनी शेवटचं वाक्य टाइप केलं नाही. एवढं नको होतं काका, इंजिनिअर म्हणाला. काकांनी सांगितलं की एकदा हरकत घ्यायची म्हटल्यावर हातचं राखून कशी घेणार.

नियमाप्रमाणे आता अर्जदाराचं म्हणणं ऐकायचं होतं. काका उठले, टेबलाला वळसा घालून आले, नकाशा उचलून आपल्या जागी बसले. गुंडाळीवरचा रबर काढला, पुन्हा चढवला.

"येईल," शेवटी ते म्हणाले. "खोली नीट झाली तर येईल. खिडकी मोठी धरलीय."

बाईंनी हे मात्र टाइप केलं. इंजिनिअरने हरकत फेटाळली, जरा घाईनेच, आणि ऐकायला बाहेरचं कुणी नसताना तसं मोठ्याने जाहीरही केलं. आता एकच गोष्ट उरली होती. माझं समाधान झालं, अशी हरकतदाराची सही. बाईंनी छापलेला कागद पुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं.

काकांनी कागद सावकाश वाचला. पेन हातात घेतलं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"तो नाही करायचा सही," ते म्हणाले. "ओळखतो मी त्याला."