बिनदाराची केबिन

"आता केव्हाही या, विचारायचंसुद्धा नाही!" मसाल्याच्या कारखान्याची नवी मालकीण शर्वरी बायकांना म्हणाली. मागे सुतार तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या, केबिनचं दार काढून नेत होता. यशस्वी उद्योजकांच्या मुलाखतींत तिने हेच तर ऐकलं होतं, मालक आणि कामगारांमध्ये दार नको.

महिना झाला, तरी कुणी फिरकेना. आप्पा तर चारचौघांत नुसते खेकसायचे. तरी याच केबिनबाहेर बायका ताटकळत उभ्या असायच्या. आपण एवढं गोड बोलतो, चहा पाजतो, मग चुकतंय कुठे? शर्वरी पुरती चक्रावली.

शेवटी पॅकिंगमधली सुगंधा आली. पदर गालावर घट्ट धरलेला, डोळे सुजलेले. शर्वरी धावलीच. "ये गं, बस. अगदी मोकळेपणाने बोल."

सुगंधाने आत येऊन सवयीने पाठीमागे हात नेला, दार लोटायला. हात हवेतच राहिला. तिने वळून पाहिलं. बाहेर पॅकिंगच्या टेबलाशी बसलेल्या साऱ्या बायका मसाला भरायचा सोडून इकडेच बघत होत्या.

"काही नाही, ताई," पदर आणखी ओढत ती म्हणाली, "सहज आले होते."