काळकुंभाची टाइमप्लीज

माळ्यावरचा जुना गेम शाल्मलीनं टीव्हीला जोडला, तेव्हा काळकुंभ राक्षस राजकन्येवर गदा उगारून तसाच उभा होता. गदेवर वेल चढला होता, खांद्यावर पाखरांनी घरटं केलं होतं.

"आलीस?" त्यानं विचारलं.

शाल्मली चक्रावली. लहानपणी याच क्षणी ती ओरडली होती, "टाइमप्लीज! आई जेवायला बोलावतेय." मग परीक्षा आल्या, घर बदललं, गेम राहूनच गेला. या गेममधली पात्रं बोललेलं समजतात, हे तिला ठाऊक होतं. पण खोक्यात पडूनही ती जगत राहतात?

"राजकन्या समोरच होती," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मारलं का नाहीस?"

"टाइमप्लीज असताना?" राक्षस दुखावला. "असं कोण करतं?"

"ज्या सिनेमावरून हा गेम केला, त्याचा शेवट ठाऊक आहे तुला?"

"आहे की. मी मरतो." त्यानं गदेवरची पकड नीट केली. "झालं जेवून?"

शाल्मलीनं तलवारीच्या बटणावरचा अंगठा हळूच उचलला.

"नाही रे. अजून मागचा भात यायचाय."