देवाचा वाटा

बुधी पुंजाराने दमकांद्याच्या पानाला यंत्र टेकवलं. पुन्हा लाल दिवा. सकाळपासून तिने अख्खा डोंगर पालथा घातला होता, पण औषध भरल्याचा हिरवा दिवा कुठेच लागला नव्हता. घरी नवरा तीन दिवस दम्याने धापा टाकत होता.

यंत्रं नव्हती तेव्हा ठाकर दिवाळीनंतर, बी गळून पान पिवळं पडलं की कांदा खणायचे. हाताला लागेल तो घ्यायचा, दर ताटव्यात एक वाघदेवाला ठेवायचा. मग बारा वर्षांपूर्वी वनौषधी केंद्राने यंत्रं वाटली. कळी धरताना औषध सर्वांत जास्त असतं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हापासून हिरव्या दिव्याचा कांदा भाद्रपदातच निघू लागला आणि देवाच्या वाट्याला लाल दिव्याचा येऊ लागला.

"यंत्र बिघडलंय का हो, साहेब?" तिने केंद्रात फोन लावून विचारलं.

"यंत्र चांगलं आहे, बुधीताई. बारा वर्षं बी धरलं ते फक्त कुचकामी कांद्यांनी. डोंगरावर आता त्यांचीच पिलावळ आहे."

परतताना कातळाच्या फटीतल्या एका रोपावर हिरवा दिवा लागला. रोपाला नुकती कळी आली होती. बुधीने कुदळ उचलली. नवऱ्याची धाप दोन दिवस तरी थांबली असती.

ती रिकाम्या हाताने घरी आली.

"नाही मिळाला?" नवऱ्याने विचारलं.

"एक होता. देवाला ठेवला."

"दिवा कोणता?"

"हिरवा."

तो धापा टाकत उठून बसला. मग म्हणाला, "रानडुकरं उकरतील. भोवती काटे लावलेस ना?"