सातचा पत्रा

"आजची मॅच सांगितली तर कुणाचा विश्वास बसणार नाही," आकडेवाला दारातूनच म्हणाला. "पण मी या डोळ्यांनी पाहिली. आणि या हातांनी फलकावर आकडे लावले."

पलंगावरच्या माणसाने मान थोडी वळवली. तेवढीच वळायची. अकरा वर्षं तो संघाच्या गोलमध्ये उभा होता. त्याला सगळे भिंत म्हणायचे, बायकोच्या माहेरचेसुद्धा. आता त्याची डावी बाजू गेली होती.

"काय भिंत, ओल कमी झाली का?"

"ओल आहे तशीच. पोपडे वाढलेत. बस."

आकडेवाला खुर्चीत बसला. त्याच्या बुटांवर पांढरी धूळ होती. वहिनी ओलं फडकं घेऊन आल्या.

"चुना आहे, वहिनी. आज मैदानावर रेषा नव्याने मारल्या."

"असू दे, भावोजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वाकून बूट घासले. धूळ घट्ट बसली होती, निघेना. त्या आत गेल्या. आतून फोनवर त्यांचा आवाज आला, "हो, पोचले इथे." मग चहाचं आधण ठेवल्याचा आवाज.

"तर मॅच," आकडेवाला म्हणाला. "समोर नदीपलीकडचे. ते म्हणजे माजलेत नुसते. नवे बूट, नवे मोजे, आणि प्रत्येकाच्या केसांचा वेगळा कारखाना. हल्ली टीव्हीवर बघून खेळतात रे ही पोरं. गोल करण्याआधी नाच ठरलेला असतो. आपल्या वेळी गोल झाला की शर्ट खोचायचा आणि परत पळायचं."

"तू कधी पळालास?"

"मी आकडे लावायचो. शिडीवर चढणं काय सोपं आहे?"

भिंत हसला. चेहऱ्याची अर्धी बाजू हसली.

आकडेवाल्याच्या थापा अडवायचं काम पूर्वी त्याच्याकडेच होतं. वाऱ्याने चेंडू गोलमधून परत फिरला, असं आकडेवाला सांगायचा आणि भिंत कॅन्टीनच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा, "त्या दिवशी वारा नव्हता!" सगळं कॅन्टीन खिदळायचं. अंथरुणाला खिळल्यापासून मात्र त्याने एकही थाप अडवली नव्हती. काहीही मारा, सरळ आत.

"पहिला गोल आपल्या डाव्या विंगरचा," आकडेवाला सांगत होता. "दुसरा रेफ्रीच्या पाठीला लागून. तिसरा कुणी मारला ते अजून ठरायचंय, दोघं भांडताहेत. मध्यंतरापर्यंत पाच. आणि शेवटी सात! भिंत, सात! सातचा पत्रा मी कधी लावला होता आठवतं? मला तर तो कुठे ठेवलाय तेही आठवेना. मग सापडला. फुंकर मारली आणि लटकवला. प्रेक्षक उभे राहिले."

"सात," भिंत म्हणाला.

"शून्याला सात."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

खाली शाळेची बस थांबली. जिन्यातून दप्तरांची धावपळ वर गेली आणि दारं आपटली.

"चांगलं झालं," भिंत म्हणाला. "चहा घे."

"चांगलं झालं काय? आता एकच मॅच उरली. पुढचा रविवार. जिंकलो तर वरच्या गटात राहतो, हरलो तर गेलो खाली, आणि एकदा खाली गेलेला संघ पुन्हा वर येत नाही. आपण दोघांनी त्या संघात जन्म घालवला. तू बाकावर नुसता बसलास तरी पोरांना जोर येईल. मी शब्द दिलाय त्यांना, भिंतीला आणतो म्हणून."

"माझी पाठ धरते रे."

"उशी घेऊ."

"ऊन बाधतं."

"फलकाची सावली आहे. तुझ्या चाकाच्या खुर्चीसाठी बाकापर्यंत फळ्या टाकून घेतल्यात मी. स्वतः ठोकल्या."

"पुढच्या महिन्यात बघू."

आकडेवाल्याने कप खाली ठेवला. "तू प्रत्येक वेळी हेच म्हणतोस. म्हणून आज मी टॅक्सीच घेऊन आलोय. खाली उभी आहे. आता पोरांचा सराव असतो. आजच चल, म्हणजे रविवारी जीव घाबरणार नाही. वहिनी, याचा स्वेटर कुठे आहे?"

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"भावोजी, आज नको."

"आजच. मला काय झालंय? मी उचलतो त्याला." तो उठला. पलंगाशी येऊन त्याने भिंतीच्या काखेत हात घातले. दोघंही सत्तरीच्या पुढचे. पलंग करकरला. भिंतीचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. बुटांची पांढरी धूळ चादरीच्या कडेला लागली.

खालून टॅक्सीने हॉर्न दिला.

"थांब," भिंत म्हणाला. "खाली ठेव मला."

आकडेवाल्याने त्याला परत उशीवर टेकवलं. दोघांनाही धाप लागली होती.

"अगं, गादीखालचा तो पत्रा दे," भिंत बायकोला म्हणाला.

"अहो, राहू दे ना. इतके दिवस राहिलंच की."

"दे. खाली गाडी उभी आहे."

वहिनींनी गादीची कड उचलली आणि एक हिरवा पत्रा ओढून काढला. वर दोन भोकं, मधे पांढऱ्या रंगात आकडा. भिंतीने उजव्या हाताने तो पोटावर उभा धरला.

"सात आज लागलाच नाही," तो म्हणाला. "सात इथे आहे. आपल्या मैदानावर इमारतीचा पाया खणायला घेतला, त्या दिवशी तूच मला आणून दिलास. मागे वाच, तुझंच अक्षर आहे. तीन वर्षं झाली रे. आणि आज मंगळवार आहे."