दहा मिनिटं पुढे

कॉम्प्युटरचं घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे होतं आणि तो दुरुस्त करणाऱ्या प्रफुल्लची अब्रू पणाला लागली होती. अकरा वाजता दुर्गाची नोकरीची ऑनलाइन परीक्षा. अकराच्या ठोक्याला प्रवेश बंद. आणि घड्याळ चुकीचं म्हणून परीक्षेचं सॉफ्टवेअर तिला दारातही उभं करत नव्हतं.

परळहून गिरगावात त्याची ही तिसरी फेरी. पहिल्यांदा त्याने आतली बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा इंटरनेटवरून आपोआप वेळ घ्यायची सोय चालू केली. तो जिना उतरला की घड्याळ पुन्हा उधळायचंच. आज तो व्हायरस शोधायच्या तयारीने आला होता.

"व्हायरस कसला? मीच करतो पुढे," दुर्गाचे वडील, गुरुदत्तकाका, शांतपणे म्हणाले. ते देवळात न्यायचा नारळ पिशवीत टाकत होते. "आमच्याकडे सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. माझ्या वडिलांपासून. मग हाच कोण मोठा लागून गेला?"

"मग खरी वेळ कशी कळते, काका?"

"दहा वजा करायचे. सवय होते रे." आणि काका चपला घालून निघाले.

प्रफुल्लने कपाळावर हात मारला. त्याने वेळ बरोबर केली, वर काकांना ती पुन्हा बदलता येऊ नये म्हणून खास पासवर्ड घातला. सॉफ्टवेअर निमूट उघडलं. पण त्याचे हात अजून शिवशिवत होते. स्टुलावर चढून त्याने भिंतीवरचं घड्याळही मोबाईलशी जुळवून टाकलं. दोन पिढ्यांचा घोळ आपण दहा मिनिटांत निस्तरला, याचा त्याला मनापासून आनंद झाला.

"दुर्गा, कॉम्प्युटर झाला गं," न्हाणीघराच्या बंद दाराला सांगून तो निघाला.

कोपऱ्यावर मिसळ खाऊन तो चर्नी रोडच्या पुलावर आला. मोबाईलवर दहा अठ्ठावन्न झाले होते. पोरगी आत शिरली असेल ना, या काळजीने त्याने घरच्या लँडलाइनला फोन लावला. परीक्षेच्या दिवशी दुर्गाचा मोबाईल काकांच्या कपाटात असायचा.

"बसलीस ना गं परीक्षेला?"

"बसते की, प्रफुल्लदादा. पोहे खातेय." दुर्गाच्या तोंडात घास होता. "भिंतीवर आत्ता कुठे दहा अठ्ठावन्न झालेत. म्हणजे अजून बारा मिनिटं आहेत."