राखणदाराच्या वाहाणा

पार्सेतल्या रस्त्याला राज्य महामार्गाचा दर्जा ठेवायचा की काढायचा, हे बघायला दर काही वर्षांनी सरकार एखादा इंजिनिअर पाठवतं. त्या वर्षी मी गेलो होतो.

रस्त्याकडेच्या घुमटीत सत्यवतीबाई गावच्या राखणदार देवापुढे चामड्याच्या कोऱ्या वाहाणा ठेवत होत्या.

"मोठो रस्तो तोच राखता, सायबा. चलान चलान व्हाणो झिजतत."

मी हसलो. दिवसभर घुमटीसमोरच बसून वाहनं मोजली. फारशी आलीच नाहीत. शेवटी समोरच्या काजूच्या डोंगराकडे बघत मनाशी ठरवलं की या रस्त्याचा दर्जा काढायचा आणि नवा महामार्ग त्या डोंगरावरून न्यायचा. कुणाजवळ काही बोललो नाही.

ऊन कलताना सत्यवतीबाई दिवा लावायला आल्या. त्यांनी वाहाणा उचलल्या आणि तशाच थांबल्या. सकाळच्या त्या कोऱ्या वाहाणांचे तळवे झिजून पातळ झाले होते. त्यांना ताजं डांबर लागलं होतं, अजून वाफाळणारं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सायबा, नवो रस्तो खंय केल्यात?"

मी बूट काढले आणि हात जोडले. डोंगरावर अजून पायवाटसुद्धा नव्हती.